सिंधूताईंच्या खिडकीखालची जागा

मी एक जुना मोकळा प्लॉट आहे, मित्रांनो. हुडकेश्वरला माझ्या आजूबाजूला घरं उठली, मी मात्र तसाच राहिलो. माझे मालक रुपराव बुटीबोरीला नोकरी करतात. मला घेतलं तेव्हा त्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि 'ही जागा रुपराव वानखडे यांच्या मालकीची आहे' अशी ऐटदार पाटी ठोकली. माझी छाती फुगली! पुढे मात्र ते वर्षातून एकदा यायचे, पाटी जागेवर आहे ना बघायचे आणि गाडीला किक मारायचे.

पावसाळ्यात माझ्यावर कमरेएवढं गवत माजायचं आणि होळीपर्यंत वाळून कडकडीत व्हायचं. त्याच सुमारास घरोघरी कूलर निघायचे. कूलरच्या जाळीत बसवायच्या वाळ्याच्या जुन्या, वाळलेल्या ताट्या टाकायच्या कुठे? माझ्या डोक्यावर! मला लाज वाटायची आणि त्याहून जास्त आगीची भीती. शेजारच्या सिंधूताईंचा कूलर माझ्याच बाजूच्या खिडकीत होता, गवताच्या अगदी वर. आतल्या खोलीत या वर्षी त्यांची बाळंतीण लेक हर्षा तान्ह्याला घेऊन निजायची.

यंदा रुपराव आले, तशा सिंधूताई तरातरा बाहेर आल्या.

"काहून गा रुपराव, हे जंगल कोणाचं हाय?"

"लोकं कचरा टाकून राहिले ताई, मी काय करू? थांबा, काडी लावून देतो. आत्ता साफ होते."

सिंधूताईंनी त्यांच्या हातातली काडेपेटीच हिसकावली. "माही लेक बाळंतीण हाय आत! टाकणारे कोणी असो, जागा तुही हाय ना? आग काय तुही पाटी वाचून थांबन?"

रुपरावांनी खिडकीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्याच सुटीला ते विळा घेऊन हजर! गवत मुळापासून कापलं, ताट्या कचरागाडीत चढवल्या. मग दर सुटीला येऊन मला साफ ठेवू लागले. किती वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला!

मे महिन्यातल्या एका दुपारी पलीकडच्या ओसाड प्लॉटवर कुणीतरी कचरा पेटवला. गरम वाऱ्याबरोबर आग सुसाट माझ्याकडे धावली. सिंधूताई ओरडल्या, हर्षा बाळाला छातीशी धरून बाहेर पळाली. आग माझ्या हद्दीवर आली, पण तिला खायला एक काडी मिळेना. थोडी फडफडली आणि तिथेच विझली. जिंकलो मी, मित्रांनो! शेजारी बादल्या घेऊन पोहोचले, तेव्हा नुसता धूर उरला होता.

आगीची खबर लागताच संध्याकाळी रुपराव धापा टाकत आले. काळी राख माझ्या हद्दीपर्यंत येऊन थांबली होती. हर्षाने बाळ त्यांच्या हातात दिलं. "घ्या मामा, दाखवा त्याले तुमची जागा." रुपरावांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, तुमच्याही घरची अशी एखादी मोकळी जागा असेल, तर तिच्याकडे पाठ फिरवू नका. माझ्यावर पाटी अजून तीच आहे. पण तिच्यावरचं मालकाचं नाव मला त्या दिवसापासून खरं वाटतं.