चिठ्ठीशिवाय गोळी नाही

मी अमायलॉइड बोलतोय. नाव परकं वाटलं तरी मी घरचाच आहे. तुमच्या मेंदूत रोज प्रथिनांचा थोडा कचरा तयार होतो. तरुणपणी तो बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने वाहून जातो. वय झालं की मोरी तुंबते आणि कचरा वाहिनीच्या भिंतीतच चिकटून बसतो. तो चिकटा म्हणजे मी. मी मुरत जातो, भिंत ठिसूळ होते. मला घाई कधीच नसते.

माझा यजमान औषधांचं दुकान चालवायचा. त्याच्या डोक्याच्या मागच्या भागात, जिथे अक्षरं ओळखू येतात, तिथे मी बिऱ्हाड केलं. म्हाताऱ्याचा सगळा तोरा तिथेच होता. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ते लावणारा हा एकटाच. कधीकधी डॉक्टर स्वतःच खाली येऊन विचारत, मी काय लिहिलंय बघा जरा. मग हा चष्मा पुसायला मुद्दाम वेळ लावायचा.

मुलगी त्याच्याच हाताखाली तयार झाली आणि आता गोळ्या तीच द्यायची. दुकानात पाटी होती, 'चिठ्ठीशिवाय गोळी नाही'. गुडघेदुखीने रडकुंडीला आलेल्या सख्ख्या बहिणीलाही त्याने त्या पाटीवरून परत पाठवलं होतं.

एका सकाळी माझी एक भिंत जराशी पाझरली. त्याच्या उजव्या बोटांत मुंग्या आल्या, ओठांपर्यंत चढल्या आणि दहा मिनिटांत गेल्या. शहाण्याने निदान केलं की रक्त गोठतंय. त्याने मुलीकडे रक्त पातळ करायची गोळी मागितली. तिने पाटीकडे बोट दाखवलं.

वर जायचं तर दोन जिने आणि तासभर रांग. शिवाय डॉक्टर नवीन काय सांगणार? त्यांच्या कोऱ्या छापील कागदांचा गठ्ठा दुकानाच्या फडताळात असायचा. मागच्या खोलीत बसून म्हाताऱ्याने त्यांच्या अक्षरात, त्यांच्या शेपटीवाल्या सहीनिशी चिठ्ठी लिहिली. मुलगी ती खरी मानून रोज सकाळी न चुकता गोळी हातावर ठेवू लागली. लेकीची माया अशी माझ्या कामी आली.

सातव्या आठवड्यात डोक्याच्या मागच्या भागातली माझी भिंत फुटली. पातळ केलेलं रक्त थांबता थांबेना. म्हातारा वाचला. तो बोलतो, चालतो, लिहितोसुद्धा. फक्त वाचता येत नाही. स्वतःची पाटी त्याला किडेमुंग्यांसारखी दिसते. मारण्यापेक्षा हे मला बरं जमलं.

डोक्याच्या फोटोत माझ्या जुन्या पाझरांचे काळे ठिपके दिसले. अशा माणसाला ही गोळी द्यायलाच नको होती, असं इस्पितळात सांगितलं. मुलीने चिठ्ठी पुढे केली. वरचे डॉक्टर ती बघून पांढरे पडले. अक्षर तर माझंच आहे, म्हणाले, पण लिहिल्याचं आठवत नाही. मग मुलीला वाटलं, आपणच औषधाचं नाव चुकीचं वाचलं. तिने गोळ्या द्यायचं सोडलं आणि दुकान विकायला काढलं. म्हातारा खुर्चीत बसून हे ऐकायचा आणि गप्प राहायचा. मला फार मजा वाटायची.

दुकान बघायला माणूस येणार होता त्या दुपारी म्हाताऱ्याने फडताळातून एक कोरा कागद ओढला. भराभर लिहिलं, शेपटीवाली सही केली आणि कागद मुलीपुढे ठेवला.

"वाच," तो म्हणाला. "मला येत नाही. पण लिहिलंय मीच. तेव्हाही मीच लिहिलं होतं."

तिने जुनी चिठ्ठी शेजारी ठेवली. दोन्ही शेपटीसकट सारख्या. आता ही त्याला मारेल, असं मला वाटलं. तिने तो कागद गिऱ्हाइकाला परत करतात तसा त्याच्याकडे सरकवला.

"ही चिठ्ठी खोटी आहे," ती म्हणाली. "गोळी मिळणार नाही."

दुकान बघायला आलेल्या माणसाला तिने दारातूनच वाटेला लावलं. आता रोज सकाळी ती बापाला पाटीसमोर उभं करते आणि एकेक अक्षर बोटाने गिरवायला लावते. चार महिन्यांत तो 'चि'पर्यंत आलाय. तेवढ्यावरही तो रडतो.

मी आहे तिथेच आहे. मला धुऊन काढेल असं औषध त्या दुकानात नाही. निरोप घेताना तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी बोटांत मुंग्या आल्या, तर कृपा करून जिना चढू नका. आपल्याला सगळं कळतं, असं समजून चला. माझं पोट त्यावरच चालतं.