तारेखालची ट्रॉली

"उसाचे वरचे दोन थर उतरव म्हणावं. तार खाली आलीया."

खलफ कालव्याच्या बांधावरून बोलला, तेही तोंड दुसरीकडे करून. गेली चार वर्षं त्याच्या घराचं आणि शाझलीच्या घराचं बोलणं नव्हतं. चार वर्षांपूर्वी शाझलीच्या बहिणीच्या लग्नात त्याच्या बापानं खांबावर आकडा टाकून मांडवात दिवे लावले होते. खलफ तेव्हा वीज खात्यात वायरमन. साहेब गाडीत बसून बघत होता, आणि खलफला तो आकडा काढावा लागला. सगळं वऱ्हाड अंधारात चाचपडत जेवलं. माणसं मेलेल्याला विसरतात, पण असलं काही विसरत नाहीत.

शाझली ट्रॅक्टरवर बसला होता. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि खाली उभ्या असलेल्या बखीतला विचारलं, "कोण बोललं रं? कालव्यातला बेडूक का?"

बखीत हा ऊसतोड्यांचा मुकादम. दोन्ही घरांचा ऊस तोच तोडायचा, त्यामुळे त्यानं हसू आलं न आल्यासारखं केलं.

कोम झुबैर गावच्या शिवारात त्या दिवशी शाझलीचा फड होता. कारखान्याच्या ऊसगाडीचे डबे त्याच्या नावानं रुळावर लागले होते आणि दुपारच्या अजानच्या आत ते भरले नाहीत तर दुसऱ्याच्या नावावर जाणार होते. म्हणून त्यानं दोन खेपांचा ऊस एकाच ट्रॉलीत रचला होता. मोळ्यांवर मोळ्या, वर पाचटाचा ढीग, आणि ट्रॉलीच्या लोखंडी खुंट्या तेवढ्या भाराला बाहेर वाकलेल्या. कालव्याचा गाळ काढताना यंत्रानं बांध पोखरला होता, तेव्हापासून तिथला विजेचा खांब कलला होता आणि तार वाटेवर लोंबत होती. रात्री दव एवढं पडलं होतं की काळी माती पायाला चिकटत होती.

"आरं, तीन दिस झालं गावात दिवा न्हाई," शाझली सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तारंत हाय काय? अन् वर बघा की."

वर तारेवर सात-आठ गायबगळे ओळीनं बसले होते. त्यातला एक मान वाकडी करून पंखाखाली खाजवत होता.

"तारंत जीव असता तर ही पाखरं भाजून खाली आली नसती का? बगळ्यास्नी कळतंय, पर एकोणीस वर्सं खांबावर चढणाऱ्याला कळंना."

पोरं हसली. खलफला राग आला. गावातला दिवा गेला होता तो गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून. ही तार पुढे पाण्याच्या मोठ्या पंपाला जात होती, आणि पंपाचा घुमारा त्याला इथवर ऐकू येत होता. एवढंच शांतपणे सांगितलं असतं तर भागलं असतं. पण बेडूक हा शब्द त्याला झोंबला होता, आणि उजव्या हाताची दोन बोटं ज्या तारेनं नेली तिच्याबद्दल त्याला कोणी शिकवावं हे त्याला सोसेना.

"बगळ्याला अक्कल हाय," तो आता सरळ शाझलीकडे बघून बोलला. "तारेवर बसला की त्यो जमिनीला पाय लावत न्हाई. तुला पंख बी न्हाईत अन् अक्कल बी न्हाई. तुझा बाप आकडा टाकायचा, पर त्येला निदान विजेचं भ्या तरी वाटायचं."

मेलेल्या बापाचं नाव वीस माणसांसमोर काढलं होतं. तोड्यांचे कोयते थांबले. शाझलीचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"बायकोच्या तलाकची शपथ हाय मला," तो सावकाश म्हणाला. "ह्या ट्रॉलीवरनं एक कांडं बी खाली उतरवणार न्हाई."

 ती शपथ एकदा तोंडातून गेली की बाप्या तिच्यात अडकला; मागे फिरला तर घर मोडतं. बखीत पुढं होऊन मोळ्या काढायला सांगणार होता, तो मागं सरला.  खलफला कळलं की आपण तोंड सोडलं आणि पोराला तारेखाली ढकललं.

शाझलीनं ट्रॅक्टर सुरू केला.

भार तारेखाली गेला तेव्हा आधी फक्त पाचट खसखसलं. मग मागची एक खुंटी तारेत अडकली, खांब आणखी कलला, आणि तार सैल होऊन मोळ्यांवर आडवी पडली. खुंटीजवळ निळा लोळ उठला आणि कापड फाटावं तसा आवाज झाला. बगळे उडाले. शाझलीनं दचकून ब्रेक दाबला, ट्रॅक्टर बंद पडला आणि ट्रॉलीचं एक चाक ओल्या चाकोरीत रुतलं.

"उतर," तोडे ओरडले. "शाझली, उडी टाक, पळ."

"उतरू नगंस," खलफ त्या सगळ्यांच्या वर ओरडला. "बसल्या जागी बस. कशाला बी हात लावू नगंस, पाय खाली घेऊ नगंस. अन् तुम्ही मागं सरा रं, सगळी मागं सरा."

शाझलीचा एक पाय पायरीवर आला होता. त्यानं खलफकडे बघितलं. ह्या माणसाचं ऐकावं का, हा विचार त्याच्या तोंडावर सरळ दिसत होता.

"त्येचं ऐकू नगंस," तोड्यांतला एक जण म्हणाला. "त्येला तू मेलेलाच पायजेस."

"ऐक," खलफ म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "तू जिता हायस का न्हाई आत्ता? तार ट्रॉलीवर हाय, ट्रॉली ट्रॅक्टरला हाय, तू ट्रॅक्टरवर हायस. सगळ्यांत वीज हाय, तुझ्यात बी हाय. तरी तू बोलतोयस. का? तुझं सगळं अंग एकाच लोखंडावर हाय. पाखराचे दोन्ही पाय एका तारेवर असत्यात, तसं. विजेला जमिनीत जायचं असतं, अन् तुझ्यातनं तिला जायला वाट न्हाई. एक हात ट्रॅक्टरला ठेवून एक पाय मातीत टेकवलास की ती वाट तूच झालास."

शाझलीनं पाय मागं घेतला. विश्वास बसला म्हणून नव्हे. भीती वाटली म्हणून.

खलफनं मान न वळवता बखीतला फोन लावायला सांगितला. पलीकडून वीज कार्यालयातला माणूस खांबाचा नंबर विचारत होता. खलफला ह्या तारेवरचे सगळे नंबर पाठ होते, त्यानं तो सांगितला. "धा मिनिटं लागतील म्हणतोय," बखीत म्हणाला.

आणि तेवढ्यात रस्मिया आली.

रस्मिया शाझलीची आई. शेताच्या दुसऱ्या टोकाला ती तोड्यांसाठी चहा उकळत होती. आवाज ऐकून ती निघाली ती अनवाणीच, ओल्या मातीतून, दोन्ही हात पुढे करून. पासष्टीची बाई एवढी धावेल असं कोणाला वाटलं नसतं. "ये बाबा, माझा हात धर," ती ओरडत होती. "उतर खाली, मी हाय."

"हाजीणबाई, थांबा," खलफ ओरडला. ती थांबली नाही. शाझलीही थांब म्हणाला नाही. लहानपणी करायचा तसा त्यानं आईकडे हात केला.

खलफनं अंतर बघितलं. तीस पावलं, पंचवीस. दहाच्या आत गेली की ओल्या मातीत पसरलेली वीजच तिला धरणार. तिथं एक पाय पुढं आणि एक मागं पडला तरी पुरे. अडवायला कोणी बाई जवळ नव्हती. आणि परक्याच्या आईला, हज करून आलेल्या विधवेला, भर शिवारात हात लावायचा म्हणजे काय, हे त्याला पुरतं माहीत होतं. आधी तिच्या घरची माणसं त्याला तुडवणार, आणि त्यातून जगला तर पंचांसमोर त्याच्या मुलांनासुद्धा मान खाली घालावी लागणार.

तो धावला. त्यानं मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि दोघंही चिखलात पडली. तिची काळी ओढणी निसटून बाजूला गेली आणि पांढरे केस सगळ्यांसमोर उघडे पडले.

 शाझलीचे दोन चुलतभाऊ उसाची कांडी घेऊन खलफवर तुटून पडले. त्यानं तोंड मातीत घातलं, पाठीवर मार घेतला, पण हात सोडले नाहीत. "मारा," तो म्हणत होता. "मारा, पर हिला पुढं जाऊ देऊ नगा."

"माझ्या आयेला हात लावतोस?" ट्रॅक्टरवरून शाझलीचा आवाज आला. तो उभा राहिला होता. एक हात स्टिअरिंगवर, एक पाय पुन्हा पायरीवर. "थांब. आलोच मी."

खलफनं डोळे मिटले. आपण आईला वाचवायला गेलो आणि पोराला खाली ओढलं, असं त्याला वाटलं, आणि त्याला रडू आलं.

पण रस्मिया पडली होती ती तोंडावर, गाल मातीला लागून. उभ्या माणसांना जे दिसत नव्हतं ते तिला दिसलं. ट्रॉलीच्या मागं एक साखळी लोंबत होती आणि तिचं टोक चिखलात टेकलं होतं. तिथली माती चहाच्या भांड्यासारखी बुडबुडत होती, वाफ निघत होती. आणि ती जागा तिच्या वाटेतच होती.

"शाझली," ती म्हणाली. ओरडली नाही. "बस खाली."

"आये, त्यानं तुला..."

"बस म्हणते ना. मी न सांगता उतरलास तर माझं दूध तुला हराम."

शाझली बसला. चुलतभावांचे हात थांबले. रस्मियानं बोट करून साखळी दाखवली, आणि एकेकानं वाकून ती वाफ बघितली. मग सगळे आपोआप मागं सरले. खलफनं मिठी सोडली आणि तिच्याकडे न बघता ओढणी उचलून पुढे केली.

"किती येळ बसायचं त्येनं?" तिनं विचारलं.

"तार बंद हुईस्तवर."

पण वर पाचट पेटलं. खुंटीजवळ आधी धूर निघत होता, आता ज्वाळा दिसली, आणि वारा ट्रॅक्टरकडे होता. दोन खेपांचा ऊस होता तो. वरचं एकही कांडं न उतरवण्याची शपथ आग फार चांगली पाळत होती. बखीत फोनवर ओरडत होता आणि पलीकडचा माणूस त्याला थांबा म्हणत होता.

"आता उतरायचं," खलफ म्हणाला. "मी सांगतो तसंच. तो पायघोळ गलाबिया वर घे, दातात धर. कापड लोखंडाला लागता कामा नये. पायरीवर दोन्ही पाय जोडून उभा ऱ्हा. हात छातीवर. कशाला बी धरायचं न्हाई. उडी मारायची, अन् दोन्ही पाय एकदम मातीत. पुढं पडायचं न्हाई, हात टेकायचा न्हाई."

"मग पळू?"

"पळायचं न्हाई. पाय जोडूनच उड्या मारत यायचं. चिमणी येती तशी. पाय फाकलास की गेलास."

शाझलीनं बघितलं. सगळा फड उभा होता, बांधावर गावातली माणसं जमली होती. "चिमणीसारखा?" तो म्हणाला. "ह्या सगळ्यांम्होरं?"

"आता लाज कशाला काढतोस?" रस्मिया म्हणाली. "हा गलाबिया घालायच्या आधी तू ह्या शिवारात नागडा उड्या मारलास. मार आता."

त्यानं गलाबिया दातात धरला. पायरीवर उभा राहिला तेव्हा पाठीमागं आगीचा आवाज वाढत होता. हात छातीशी घेतले आणि त्यानं उडी टाकली.

दोन्ही पाय मातीत बसले. पण चिखल निसरडा होता. तो पुढं झुकला, आणखी झुकला, हात छातीवरून सुटले.  शाझली कुल्ले मागं टाकून कसाबसा सावरला आणि उभा राहिला. मग त्यानं एक उडी मारली. मग दुसरी. सहा फुटांचा, दोन मुलांचा बाप, तोंडात कपडा, पाय जोडलेले, शिवारातून उड्या मारत येत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसलं कोणी नाही. रस्मिया प्रत्येक उडीला मोठ्यानं आकडा मोजत होती.

बावीस झाल्यावर खलफ म्हणाला, "बास. चाल आता."

शाझली चालेना. तो तिथंच मटकन बसला. मागं ट्रॅक्टरच्या टायरनं पेट घेतला, आणि कितीतरी वेळानं तार बंद होऊन पंपाचा घुमारा थांबला.

तेव्हा हाजी अबुलवफा काठी टेकत पुढं आले. गावातली भांडणं मिटवणारे तेच, आणि लावणारेही बऱ्याचदा तेच. "अल्लानं पोरगं दिलं, त्येची कृपा," ते म्हणाले. "पर बाईला हात लागलाय, डोई उघडी पडलीया. सगळ्यांनी बघितलंय. ह्याला पंचांची बैठक बसवाय पायजे. खलफच्या घरच्यांस्नी बोलवा, शाझलीकडनं..."

चुलतभावांनी माना हलवल्या. शाझलीनं वर बघितलं. खलफला माहीत होतं हे कुठं जातं. आज बैठक, उद्या कोणाचा तरी अपमान, परवा कोणीतरी कोणाच्या शेतात मरून पडलेला. त्याची मुलं वाढत होती.

रस्मिया उठली. तिनं ओढणी डोक्यावर नीट घेतली, हाताला लागलेला चिखल झग्याला पुसला, आणि खलफसमोर येऊन त्याच्या कानफटात दिली. आवाज बांधापर्यंत गेला. खलफ एक पाऊल मागं गेला आणि त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली.

"माझी डोई होती," ती अबुलवफांकडे वळून म्हणाली. "माझी मी फेडून घेतली. आता कोणाची बैठक न्हाई अन् कोण काय मागणार न्हाई. ज्याला अजून बोलायचंय त्यानं माझ्याशी बोलावं."

अबुलवफांनी दाढी कुरवाळली. हरकत घ्यावी असं त्यांना फार वाटत होतं, पण बाईनं स्वतः फेडून घेतलेलं पुन्हा मोजायचं कसं, हे त्यांना सुचेना. माणसं जळणाऱ्या उसाकडे वळली. बखीतनं कालव्यातून बादल्या भरायला लावल्या.

रस्मिया चुलीकडे निघाली. खलफच्या जवळून जाताना तिनं मान खाली घालून, ओठ न हलवता विचारलं, "लई लागलं का?"

"लागलं," खलफ म्हणाला. त्याचा कान गुणगुणत होता.

"लागायलाच पायजे होतं, बाबा. हळू मारली असती तर त्यास्नी खोटी वाटली असती."