थंड उतरवतं, गरम चढवतं

शाझली उस्ताद पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात वैद्य झाले. अस्वानमध्ये निवृत्त माणसाला दोनच कामं असतात, नाईलकडे बघत बसणं किंवा लोकांच्या प्रकृती बघणं. नाईलकडे बघण्याचं काम उस्तादांनी नोकरीतच उरकलं होतं.

त्यांचं सगळं वैद्यक एका पातेल्यात मावायचं. लाल अंबाडीच्या बोंडांचं करकदे. थंड प्यालं की रक्तदाब उतरतो, गरम प्यालं की चढतो. हा सिद्धांत त्यांचा नव्हे, अख्ख्या गावाचा. उस्तादांनी त्यात फक्त भर घातली. कोमट प्यालं तर दाब आहे तिथंच थांबतो, हे त्यांचं स्वतःचं संशोधन. शिवाय यकृत, मूत्रपिंड, गुडघे आणि केस. केसांबद्दल कुणी फार खोलात जाऊ नये म्हणून ते घरातही टोपी घालत.

त्यांची बायको इन्शिराह हे सगळं ऐकून घ्यायची, कारण पातेलं तिलाच घासावं लागे. पण दवाखान्यातल्या डॉक्टर मारियानबाई काय म्हणाल्या, तेही तिनं ऐकलं होतं. करकद्यानं दाब थोडा उतरतो हे खरं, पण गरम असो की थंड, उतरतोच. त्यामुळे दाबाची गोळी घेऊन वर जगच्या जग पिऊ नका, भोवळ येईल. उस्तादांनी मान डोलावली आणि दवाखान्याबाहेर निकाल दिला की पोरगी हुशार आहे, पण पडली कैरोची. तिकडं करकदे पुडीत मिळतं, त्यांना काय कळणार.

मग त्यांच्या मुलीचं, रबाबचं लग्न ठरलं. निकाहाच्या वेळी बापानं नवऱ्यामुलाचा हात हातात घ्यायचा, वर पांढरा रुमाल, आणि काझी सांगेल ते शब्द म्हणायचे. बापाला जमलं नाही तर काका पुढं होतो. इथंच इन्शिराहचा हिशेब अडे. काका म्हणजे उस्तादांचा भाऊ सनूसी. त्याला रबाब आपल्या मुलासाठी हवी होती. तो मुलगा दिवसभर धक्क्यावर बसून होड्या मोजायचा आणि मोजण्यात चुकायचा. सनूसीच्या हातात हा निकाह गेला असता, तर तो पुन्हा बाहेर आला नसता.

लग्नाच्या दिवशी उस्तादांनी गोळी घेतली. इदफूहून येणाऱ्या वऱ्हाडामुळे दाब चढणार, असं निदान करून त्यांनी थंड करकदेही मागवलं. जग संपला तसा दुसरा मागवला. इन्शिराहनं डॉक्टरबाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली.

"डॉक्टरबाईंनी कधी मुलीचं लग्न केलंय?" उस्ताद म्हणाले.

तिचं डोकं फिरलं. तिनं उरलेलं पातेलंच त्यांच्यापुढं आदळलं. "प्या. कमी पडलं तर दारात नदी आहे."

उस्ताद प्यायले.

बैठकीत काझींनी रुमाल पसरला. नवरामुलगा वाएल गुडघे टेकून बसला. उस्तादांनी त्याचा हात धरला, काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखं छताकडं पाहिलं आणि ते सावकाश गालिचावर कलंडले.

क्षणात बैठकीतले सगळे वैद्य जागे झाले. थंडानं उतरलंय तर गरमानं चढवा, यावर एकमत होतं. वाद फक्त एवढाच, की उकळतं द्यावं की नुसतं कढत. वाएलच्या इदफूच्या मामांचा जिऱ्याचा आग्रह होता. कुणीतरी वाफाळता पेला आणलाही. तेवढ्यात सनूसी बाह्या सरसावत पुढं सरकला.

"काझीसाहेब, भाऊ आडवा पडलाय, पण मी उभा आहे ना. आणि घाई कशाला? ईदनंतर बघू."

इन्शिराह बायकांच्या खोलीतून थेट पुरुषांच्या बैठकीत आली. तिनं तो पेला खिडकीबाहेर रिकामा केला, काझींच्या पाठीमागची उशी ओढून नवऱ्याच्या पायांखाली घातली, आणि उस्तादांनी डोळे किलकिले केल्यावर त्यांना पाणी पाजून खारट जुन्या चीजचा गोळा तोंडात कोंबला.

"निकाहाला बापाचा हात लागतो की पाय?" तिनं काझींना विचारलं.

काझींनी दाढी कुरवाळली. शुद्ध लागते, म्हणाले. बसायचं कसं, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. त्यांनी उस्तादांना मुलीचं नाव विचारलं. उस्तादांनी ते सांगितलं, आणि काझींनी आपल्या मधुमेहावर काय प्यावं तेही सांगितलं. माणूस पूर्ण शुद्धीवर असल्याची सर्वांची खात्री पटली.

वाएल गालिचावर जवळजवळ पालथा झाला. उस्तादांनी पडल्यापडल्या हात वर केला, त्यावर रुमाल आला, आणि चीज चघळत त्यांनी शब्द म्हटले. आतल्या खोलीतून बायकांच्या आनंदाच्या लकेरींचा कल्लोळ उठला. सनूसीनं बाह्या खाली केल्या.

उस्ताद उठून बसले तेव्हा मामा सर्वांना सांगत होते, की गरम करकद्याचा नुसता वास नाकाशी गेला आणि माणूस परतला. उस्तादांनी थोडा विचार केला. "वाफसुद्धा पुरते कधीकधी," ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. ज्यांचे दाब कमी होते ते पेल्यांवर नाक धरून बसले.

इन्शिराह सरबताचा ट्रे फिरवत सनूसीपाशी आली. त्याचा चेहरा लाल झाला होता, कानशिलं ठणकत होती. त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "वहिनी, मी थंड घेऊ की गरम?"

"तुम्ही दोन्ही घ्या, भावजी," ती म्हणाली. "एकदम."