साडेतेरा हजार किलोमीटर

शुक्रवार पेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात राजशेखर बसले होते खरे, पण गिऱ्हाईक परकर मागायचं आणि ते टॉवेल काढून द्यायचे. बायको दानेश्वरी दुपारीच मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानात बसली होती. लेक भुवनेश्वरीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. "दुकान कुणाच्या भरवशावर टाकू?" म्हणत राजशेखर मागं राहिले. एरवी ती मंगळवेढ्याला माहेरी निघाली, तरी एसटीत बसवून कंडक्टरला दोनदा बजावून यायचे ते.

शेजारी अमरेशचं मोबाईलचं दुकान. तिथं जाऊन त्यांनी विचारलं, "किती लांब हाय रे ते?"

"हवेतनं साडेतेरा हजार किलोमीटर, काका. मधे कुटं थांबत न्हाय."

मधे थांबत नाही, हे काही त्यांना पटेना. एसटी निदान वाटेत बेगमपूरला तरी थांबते.

अमरेशनं त्यांच्या फोनवर नकाशा लावून दिला. त्यात एक पिवळं विमान मुंगीच्या चालीनं सरकत होतं. राजशेखर चौकापर्यंत जायचे, परत यायचे, फोन बघायचे. समोरचा चहा निवून गेला. संध्याकाळी ते विमान नकाशावरून गायबच झालं.

"अमरेश, कुटं गेलं रे?"

"जाईल कुटं काका? तितला सिग्नल मिळत नसंल. दिसंल परत."

ते परत दिसलं, पण राजशेखरांचा डोळा लागला नाही. सकाळी विमान उतरल्याचं कळलं आणि पाठोपाठ लेकीचा फोन आला. "अप्पा, सगळी माणसं बाहेर आली. अव्वा अजून आली न्हाय."

एकटीला पाठवलंच कसं, हेच राजशेखरांच्या डोक्यात घुमत राहिलं. दोनदा त्यांनीच लेकीला फोन लावला, लागेना. घरात ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिले. शेवटी फोन वाजला, आणि पलीकडं दानेश्वरी होती.

"कुटं अडकली होतीस?"

"बॅग उघडायला लावली की. कडक भाकरी हातात घेऊन, हे काय म्हणून तितले साहेब बघत बसले. मी तुकडा मोडून खाऊन दाखवला. मग सोडलं."

"विमानात भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं सुरवातीला. मग झोपले."

आपण इथं तडफडलो आणि ही झोपली, म्हणून त्यांना रागही आला आणि डोळेही भरून आले.

"दानेश्वरी, दुकानाचं मी उगाच सांगितलं. मला विमानाचंच भ्या वाटत होतं."

"मला ठाऊक हाय."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमच्या तोंडातनं यावं म्हणलं," ती म्हणाली. "नातवंड बघायला येताय न्हवं?"

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा दोन येरझाऱ्या झाल्या. मग अंघोळ करून त्यांनी कपाळाला विभूती लावली आणि पासपोर्ट कुठं काढतात याची चौकशी करायला बाहेर पडले.