गिरजाबाईंची परतफेड

रोह्याच्या वाचनालयात पेण विरुद्ध रोहा हा बुद्धिबळाचा सामना दोन-दोन असा बरोबरीत आला होता आणि नेमका शेवटचा डाव आमच्या नाथाचा होता. नाथाने पुस्तकातून एकच गँबिट घोटून ठेवलं होतं. सुरुवातीलाच एक प्यादं फुकट द्यायचं, आणि समोरचा ते सांभाळत बसला की त्याच्या राजावर तुटून पडायचं.

समोर रोह्याच्या गिरजाबाई होत्या. त्यांनी प्यादं खाल्लं, तेव्हा नाथाने मला डोळा मारला. पण पुढच्याच चालीला बाईंनी स्वतःचं प्यादं त्याच्यापुढे सरकवलं.

"बाई, हे फुकट जातंय," नाथा म्हणाला.

"जाऊ दे. कुणाचं भांडं आम्ही रिकामं परत पाठवत नाय."

पुस्तकात असलं काही नव्हतं. नाथा गडबडला, हरला आणि सामनाही घालवून बसला. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

निघताना गिरजाबाईंनी आम्ही पेणहून भेट म्हणून नेलेला पापडांचा डबा परत आणला, वालाने काठोकाठ भरलेला. मी हात पुढे केला, तर नाथाने माझं मनगट धरलं.

"घेऊ नको," तो माझ्या कानात म्हणाला. "गँबिट हाय."