म्हाताऱ्याची घसादुखी

पाणबुडीवर कप्तानाला त्याच्या माघारी सगळे म्हातारा म्हणत, मग तो टोल्सडॉर्फसारखा जेमतेम तिशी ओलांडलेला का असेना. आणि ज्या म्हाताऱ्याला गळ्यात घालायच्या त्या मानाच्या क्रूस-पदकाची हाव सुटे, त्याचा घसा दुखतोय, असे म्हणत गालातल्या गालात हसत. टोल्सडॉर्फचा घसा पहिल्या फेरीपासून दुखत होता. आज बर्लिनहून बिनतारी संदेश आला आणि तो एकदाचा बरा झाला.

खरा क्रूस बंदरात मिळायचा होता. तोवर रीतीप्रमाणे इंजिनियर राडेमाकरने पत्र्याचा एक क्रूस कापला, त्यात जुन्या निशाणाची पट्टी ओवली, आणि पाण्याखालून संथपणे घराकडे निघालेल्या त्या बोटीत मंडळी शिडीच्या पायथ्याशी दाटीवाटीने जमली. टोल्सडॉर्फला हा सोहळा नकोच होता, पण नको म्हणायला कारण द्यावे लागले असते.

कारण होते आल्हर्स, टेहळणीवरचा एक खलाशी. मागच्या आठवड्यात शत्रूचे विमान एकाएकी ढगातून खाली आले, तेव्हा टेहळणीवरची माणसे शिडीवरून भराभर आत घसरली आणि रिवाजाप्रमाणे सर्वांत शेवटी कप्तानाने शिडीवरचे झाकण लावून बोट पाण्याखाली नेली. ‘सगळे आत!’ असे तो ओरडला तेव्हा आल्हर्स वरच होता, आणि ते टोल्सडॉर्फने पाहिले होते. लाटेने नेला, असे त्याने खाली सांगितले. बोट वाचली, पुढे तिने दोन जहाजे बुडवली आणि त्यांचाच हा मान. झाकणावरची ठकठक आपल्याशिवाय कोणी ऐकली नसावी, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. तरी जेवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्याला लाज वाटे.

“मान वाकवा जरा, साहेब,” राडेमाकर म्हणाला. “एरवी कुणापुढे वाकवत नाही तुम्ही.”

सगळे हसले. टोल्सडॉर्फने मान वाकवली. राडेमाकरने पत्रा त्याच्या छातीशी धरला आणि पट्टीची टोके खांद्यांवरून मागे टाकली. मागून कोणीतरी ती घेतली. बोटे गार होती, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

“गाठ कोणी मारली?” टोल्सडॉर्फने विचारले.

राडेमाकरचे दोन्ही हात अजून पुढेच होते. “मागे नुसती शिडी आहे, साहेब.”

टोल्सडॉर्फने गाठ सोडायला हात मागे नेला, पण ती सुटेना. पट्टीतून पाणी निथळत होते, त्याच्या पाठीवरून ओघळून खाली ठिबकत होते, आणि सगळी माणसे ते बघत उभी होती. पाणी कुठून आले, हे त्यांतल्या एकानेही विचारले नाही.