चौदावा नियम

किकवीच्या अलीकडे, पुणे-सातारा हायवेपासून हाकेच्या अंतरावर सोळा रो-हाउसची ‘निसर्गछाया’ सोसायटी उभी राहिली, तेव्हा तिचे नियम रोहिदासने लिहिले. लिहिले म्हणणं जरा जास्तच होईल. नीरा नदीपलीकडच्या ज्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, तिथल्या साहेबांच्या पुण्यातल्या सोसायटीचे नियम त्याने मागून आणले आणि नाव बदलून छापले. पण सेक्रेटरी तो, त्यामुळे नियमांखाली सही त्याची होती आणि तेवढ्याने त्याची छाती दोन इंच फुगली होती.

पहिल्या मीटिंगला तेरा नियम निमूट पास झाले. चौदाव्यावर गाडी अडली. मूळ कागदावर लिहिलं होतं, ‘पाळीव प्राण्यांस सक्त मनाई’. तीन नंबरमध्ये शेफाली नावाची मुलगी राहायला येणार होती. घरूनच लॅपटॉपवर नोकरी करणारी, पुण्याची. तिच्याकडे एक म्हातारा कुत्रा होता. ती म्हणाली, कुत्रा नाही तर मी पण नाही. झालं. रोहिदासने जागच्या जागी पेन काढलं आणि दुरुस्ती केली: ‘कुत्रा-मांजर चालेल. कोंबड्या, शेळ्या, मेंढ्या वगैरे पाळण्यास सक्त मनाई.’

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या सात पिढ्या शेळ्यामेंढ्यांच्या मागे डोंगर तुडवत गेल्या, त्याच्याच हातून ते उतरलं. वेल्ह्याच्या शाळेत असताना पोरं त्याच्या शेजारी बसायची नाहीत, कपड्यांना शेळीचा वास येतो म्हणायची. शाळा सुटून तीस वर्षं झाली होती तरी तो अजून कुणाच्या घरात शिरण्याआधी नकळत शर्टाची बाही हुंगायचा.

त्याचे आईबाप, हैबती आणि आक्काबाई, वेल्ह्याच्या वर तोरण्याच्या अंगाला असलेल्या धनगरवस्तीवरच राहत होते. आषाढात हैबती गेला. शेळ्या विकल्या, गाय भावकीत दिली, आणि दिवाळी झाल्यावर रोहिदास आईला आणायला गेला. वस्तीवर रेंज नाही, दवाखाना नाही, रस्ता संपल्यावर वीस मिनिटं चढायचं. एकट्या बाईने तिथे राहायचं कसं? शिवाय नव्या घरात तळमजल्यावरची खोली त्याने आईसाठीच काढली होती, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. आईने आपल्याजवळ राहावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

आक्काबाई आली ती हातात डालगं घेऊन. बांबूच्या त्या टोपलीवर जुनं लुगडं बांधलेलं आणि आत तीन कोंबड्या.

“आये, ह्या शेजारच्या सखूबाईला द्यायच्या ना,” रोहिदास म्हणाला.

“तुझ्या बापाच्या हातच्या हायेत,” ती म्हणाली. “त्यानं बसावलेल्या अंड्यातल्या. ऱ्हाऊ देत. खाऊन-खाऊन किती खात्याल?”

बापाचं नाव निघाल्यावर त्याने विषय सोडला. दोन दिवस राहू देत, मग बघू, असं त्याने ठरवलं. दोन दिवसांचे दोन महिने झाले. कोंबड्या घरामागच्या धुण्याच्या जागेत राहायच्या, दुपारी मागच्या पडीक रानात किडे टिपायच्या आणि दिवस मावळला की आपापल्या पायाने घरी यायच्या. आक्काबाई रोज ती जागा राखेने घासून काढायची. रोहिदासची बायको रत्ना सासूला आत्या म्हणायची; ती सांगायची, आत्यांनी घासलेल्या फरशीवर भाकरी ठेवून खावी.

अंडी घरात उरायची नाहीत. आक्काबाई ती पदरात घेऊन सोसायटीभर वाटायची. पैसे कुणी देऊ केले की रागवायची. शेफालीला तर तिने भाकरी थापायला शिकवायला घेतलं होतं आणि पोरीच्या भाकरीला भारताच्या नकाशाची उपमा देऊन दोघी हसून बेजार व्हायच्या. आषाढात नवरा गेलेली बाई पुन्हा हसू लागली होती. रोहिदासला ते दिसत नव्हतं असं नाही. त्याला दुसरंच जास्त दिसत होतं.

एका सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नऊ नंबरच्या आनंदरावांचा मेसेज आला. आनंदराव म्हणजे निवृत्त तलाठी, मोजकं बोलणारे. त्यांनी लिहिलं होतं, ‘हल्ली सकाळी कोंबडीचा आवाज येतो. गावाची आठवण झाली.’ खाली चार जणांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकली.

रोहिदासने तो मेसेज दोनदा वाचला. कोंबडी अंडं घातल्यावर गल्लीभर दवंडी पिटते, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण ‘गावाची आठवण’ हा आपल्यालाच मारलेला टोमणा आहे, असं त्याने पक्कं धरून टाकलं. त्या चार हसऱ्या चेहऱ्यांत त्याला शाळेतली पोरं दिसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्याने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, ‘नियम क्र. १४ अन्वये संबंधितांना समज देण्यात येत आहे. सेक्रेटरी.’ आणि संबंधितांना समज द्यायला तो मागच्या अंगणात गेला.

“आये, कोंबड्या हितं चालायच्या न्हाईत. लोकांच्या तक्रारी आल्यात.”

आक्काबाई दाणे टाकत होती. तिचा हात थांबला. “कुनाच्या?”

“सगळ्यांच्याच.”

हे धादांत खोटं होतं. तोंडातून निघून गेलं आणि मग परत घेता येईना. आक्काबाईने थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“बरं,” ती म्हणाली. “मग मला वर सोड. ह्यांची सोय लावाया पायजे.”

तिचा आवाज अगदी साधा होता, पण रोहिदासला त्यात रुसवाच ऐकू आला. आईने कोंबड्यांसाठी लेकाचं घर सोडलं, असा त्याने अर्थ लावला, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडा रागही आला. त्या रविवारी चेलाडी फाट्यावरून आत वळून वेल्ह्यापर्यंत आणि तिथून रस्ता संपेपर्यंत गाडीत दोघं फारसं बोलली नाहीत. तो डालगं घेऊन वर वस्तीपर्यंत गेला, सामान आत ठेवलं, पाणी प्याला. निघताना आईला बरं वाटावं, तिच्यावर जबरदस्ती नको, म्हणून म्हणाला, “आये, तुला वाटंल तवा ये.”

“व्हय,” आक्काबाई म्हणाली.

त्यानंतर चार महिने गेले. वस्तीवरची शेजारीण सखूबाई बाजाराला वेल्ह्यात उतरली की तिच्या मोबाईलवरून खुशाली कळायची, आक्का बरी हाय. रोहिदासने एकदा तिच्या हाती तेलाचा डबा आणि शाल पाठवली. स्वतः मात्र गेला नाही. रत्ना दर शनिवारी विचारायची, “अहो, उद्या जाऊन आत्यांना घेऊन या ना.”

“रुसलीये ती. राग निवू दे जरा.”

“तुम्हाला सांगितलं का त्यांनी, रुसलेय म्हणून?”

“माझी आई आहे. मला कळत नाही का?”

रागाचं निमित्त पुढे करून तो खरं तर त्या खोट्याला तोंड द्यायचं टाळत होता, आणि हे त्याचं त्यालाही अधूनमधून कळायचं. कळलं की तो सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीचं वगैरे काम काढायचा.

चैत्रात सोसायटीची वार्षिक मीटिंग झाली. विषय संपले, चहा आला, तेव्हा शेफाली म्हणाली, “काका, आजी कधी येणार? माझी भाकरी गोल व्हायला लागलीये, त्यांना दाखवायचीय.”

रोहिदासने चहाचा कप खाली ठेवला. “त्यांच्या कोंबड्या होत्या. नियमात बसत नव्हत्या. म्हणून गेल्या त्या.”

“कोंबड्यांमुळे गेल्या?” आनंदराव खुर्चीतून पुढे झाले. “कुणी तक्रार केली होती?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि मग सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“तुम्हीच लिहिलं होतंत,” रोहिदास म्हणाला. “गावाची आठवण झाली म्हणून.”

“अहो, झालीच होती! माझी आई गेली तेव्हापासून असा आवाज कानांवर पडला नव्हता. दोन महिने मी त्या आवाजाला उठत होतो.” म्हातारा पुन्हा खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, “मला वाटलं, माझ्या लिहिण्याला तुम्ही गमतीत उत्तर दिलंत. समज देण्यात येत आहे म्हणून.”

चौदावा नियम रद्द व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी रोहिदासनेही वर केला, आणि तो खाली घेताना त्याला नियम लिहिणाऱ्या त्या हाताची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि सकाळीच निघाला. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने गोणपाट अंथरलं होतं, डालग्यासाठी. आईला काय-काय सांगायचं ते मनात जुळवत तो चढण चढला. नियम काढून टाकला. लोक तुझी वाट बघतात. एकट्या त्या शेफालीपायी तरी चल. कधी एकदा सांगतोय असं त्याला झालं होतं.

आक्काबाई दारात तांदूळ निवडत होती. त्याला बघून उठली, पाण्याचा तांब्या आणला, चुलीवर चहा टाकला. अंगणात कोंबडी दिसेना.

“आये, कोंबड्या कुठायत?”

“सखूला दिल्या, अर्धलीनं. पिल्लं झाली की निम्मी तिची, निम्मी माजी.”

“कधी दिल्यास?”

“आले त्याच दिशी. आठ दिस तिच्याकडं डालग्याखाली झाकून ठिवल्या, न्हाईतर सांजच्याला परत हिकडंच येत हुत्या. नवव्या दिशी सोडल्या तर गेल्या तिच्याच खुराड्यात. तवा माजा जीव खाली पडला.” तिने चहा गाळून त्याच्या पुढ्यात ठेवला. “मग म्या घर सारावलं, पिशवी भरली आन् तुजी वाट बघत बसले.”

रोहिदासला आधी नीट कळलंच नाही. “माझी?”

“मग? ऐतवार तुज्या सुट्टीचा वार. लुगडं बदलून हितं वट्यावर बसायची. चार ऐतवार बसले.”

“अगं, मग निरोप धाडायचा! सखूबाईच्या मोबाईलवरून एक शब्द बोलली असतीस!”

“काय बोलायचं? न्यायला ये म्हनून?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. “आपुन होऊन कुनी सांगतं का असं? लेकाला आईला न्यायचं असलं म्हंजी तो वार सांगून जातो. तू म्हनलास, वाटंल तवा ये. म्या समजले.”

“तसं न्हवतं गं आये. तुला जबरदस्ती नको म्हणून...” मग तो घाईघाईने म्हणाला, “तो नियम काढला आमी. काल सगळ्यांनी हात वर केले. आता किती बी कोंबड्या ठेव.”

“कोंबड्यांचं काय घिऊन बसलास! त्या म्या सोडल्याच हुत्या.”

चहावर साय धरली होती. रोहिदासने शेवटी ते सांगून टाकलं, जे चार महिने त्याच्या नरड्यात अडकलं होतं. “आये, तक्रार कुणाचीच न्हवती. म्या खोटं बोललो.”

“ठावं हाय.”

“ठावं हाय?”

“त्याच दिशी सांजच्याला ती भाकरीवाली पोरगी आलती न्हवं, अंडी मागाया. तक्रार करनारी मानसं अंडी मागत न्हाईत रं.” तिने पुन्हा सूप जवळ ओढलं. “तुला लाज वाटत हुती. ल्हानपनापासनं वाटती, मला का म्हाईत न्हाई? म्हनलं, जाऊ दे. कोंबड्यांची वाटती तर कोंबड्या न्हाईत. लेकाजवळ ऱ्हायाला घावतंय ना.”

तिला सगळं माहीत होतं. माहीत असून ती त्याच्याकडेच राहणार होती, आणि त्यासाठी नवऱ्याच्या हातची शेवटची तीन जनावरं तिने देऊन टाकली होती. आणि तो मात्र खाली बसून, आई रुसली म्हणून बायकोला शहाणपण शिकवत होता. त्याला रडू आलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस पायरीवर बसून डोळ्यांना रुमाल लावतो आहे हे सखूबाईच्या घरातून दिसत असणार, पण आज त्याला त्याचं काही वाटलं नाही.

“चल आये आता. आताच्या आता चल.”

आक्काबाईने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“न्हाई रं. तवा आले असते. तुज्या बापाच्या मागं हितं एकलीला घर खायाला उठायचं. तवा आले असते पळत.” तिने सूप खाली ठेवलं. “आता सवय झाली. वाट बघायची सोडली आन् मग बरं वाटाया लागलं. आता पुन्यांदा त्यात नको.”

“दर रविवारी येईन मी.”

“ये की. रत्नालाबी आन. भाकरी खाऊन जा.”

तिने भाकरी केली, सखूबाईकडून दोन अंडी आणून पोळा केला, त्याला पोटभर वाढलं. निघताना तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वाकून पाया पडायला गेला तर म्हणाली, गाडी सावकाश चालव.

वेल्ह्याच्या बाजारापाशी मोबाईलला रेंज आली आणि लगेच रत्नाचा फोन वाजला. ती आनंदात होती. आत्यांच्या खोलीला हात फिरवलाय, शेफाली भाकरी घेऊन येऊन बसलीय, आनंदराव दोनदा विचारून गेले, कुठपर्यंत आलात?

रोहिदासने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“एकटाच येतोय,” तो म्हणाला.